प्रार्थनेवरून मोडलेली बैठक पुन्हा कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका मोहल्ल्यात गणेश मंडळ, मशीद कमिटी, गुरुद्वारातले सेवादार, जैन युवकांचा गट आणि विज्ञानप्रसाराचं काम करणारी काही मुलं यांनी मिळून सद्भाव समिती करायचं ठरवलं. पहिल्याच बैठकीत कुणी तरी म्हणालं, ‘सर्वधर्म प्रार्थनेनं सुरुवात करू’, आणि तिथेच बिनसलं. विज्ञानवाली मुलं म्हणाली, आम्ही प्रार्थना करत नाही, आणि उठून गेली. मशिदीतले दोघे म्हणाले, ऐकून घेऊ, पण हात जोडणार नाही. मंडळाच्या ज्येष्ठांना तो अपमान वाटला. मंडळाचे सेक्रेटरी विचारतात, ‘काकू, आता पुन्हा बसवायचं कसं? आणि देवधर्म न मानणाऱ्यांना अशा समितीत घ्यावं का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घ्याच. उपकार म्हणून नव्हे, तुमच्या मोहल्ल्यात राहणारी माणसं म्हणून. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म पाळण्याच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं, आणि त्यात न मानणाऱ्याचंही स्वातंत्र्य आलं. १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्यं घटनेत आली, त्या ५१क कलमाच्या यादीत (ङ) म्हणजे धर्म, भाषा, प्रदेश यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणं, आणि (ज) म्हणजे विज्ञाननिष्ठ दृष्टी वाढवणं. एकाच यादीत, तीन ओळींच्या अंतरानं. तुमच्या मंडळाचे ज्येष्ठ आणि ती मुलं यांच्यात त्याहून जास्त अंतर असायचं कारण नाही.

आणखी एक उदाहरण मी अशा वेळी नेहमी सांगते. आंध्रातले गोरा म्हणजे गोपराजू रामचंद्र राव. उघड, कडवे नास्तिक. १९४० साली त्यांनी नास्तिक केंद्र काढलं. पुढे गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं आणि दोघांच्या लांबलांब चर्चा झाल्या. गांधींची रोजची सायंप्रार्थना चुकत नसे, गोरांनी ती कधी आपली मानली नाही. तरी अस्पृश्यता निवारणाच्या कामात दोघांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा होता. गोरांच्या मुलीचं जातीबाहेरचं लग्न सेवाग्रामला लावायचं गांधींनी कबूल केलं होतं, आणि विधीत ‘ईश्वर’ शब्दाच्या जागी ‘सत्य’ म्हणायलाही ते तयार होते. लग्न १९४८ साली झालं तेव्हा गांधी नव्हते, पण ठरल्याप्रमाणे ते आश्रमातच लागलं. दोघांपैकी कुणी आपली भूमिका सोडली नाही. काम मात्र एकत्र केलं. तुमच्या समितीला एवढंच जमायला हवं.

आता बैठक का मोडली त्याकडे वळू. माझं मत काही जणांना कडू लागेल. अनोळखी माणसांच्या पहिल्या बैठकीत सर्वधर्म प्रार्थना ठेवणं हीच चूक होती. प्रार्थना ही माणसाची सगळ्यात आतली गोष्ट. ओळख व्हायच्या आधीच आपण त्याला ती चारचौघांत उघडी करायला लावतो, वर अपेक्षा करतो की शेजारच्याच्या शब्दांत त्यानं ती करावी. ‘हात जोडणार नाही’ म्हणणारे दोघे ऐकून घ्यायला तयार होते, ही केवढी मोठी गोष्ट होती! ती कुणाच्या लक्षातच आली नाही. आणि उठून गेलेली मुलं निदान खरं बोलून गेली. मनात नसताना हात जोडून बसली असती तर तुमची समिती पहिल्याच दिवशी खोटेपणावर उभी राहिली असती.

ग्वाल्हेरच्या माणसाला तर हे शिकायला कुठे लांब जायला नको. हजीऱ्याला तानसेन समारोहाची, म्हणजे तानसेनच्या समाधीपाशी दर वर्षी भरणाऱ्या संगीत सोहळ्याची, सकाळ एकदा तरी थंडीत कुडकुडत पाहिली असेल तुम्ही. सूफी संत मुहम्मद गौस यांचा मोठा मकबरा, बाजूला तानसेनची लहानशी समाधी, शेजारी ती चिंच, जिची पानं गाणारे आवाज गोड व्हावा म्हणून अजून तोंडात टाकतात. आधी शहनाई. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा सांगतात, तीही आपल्या नाथपंथी वळणाची. त्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, मग समाधीवर चादर. १९२४ पासून चालत आलेल्या या सोहळ्याचं शंभरावं वर्ष २०२४च्या डिसेंबरात झालं. नीट पाहिलंत तर एक गोष्ट दिसेल. तिथे हरिकथा आणि मिलाद यांची मिसळ कुणी करत नाही. हरिकथा पुरती हरिकथाच असते आणि मिलाद पुरता मिलाद. एकापाठोपाठ एक होतात, दोघांनाही पूर्ण वेळ मिळतो, आणि जो फक्त गाणं ऐकायला आलाय तो या दोन्हींच्या वेळी स्वस्थ बसतो किंवा चहाला जातो. त्याला कुणी विचारत नाही, तू कुणाचा. तीनही प्रकारची माणसं एकाच सतरंजीवर असतात.

फूलबागेतही तेच. माधवराव शिंद्यांच्या काळातल्या त्या परिसरात गोपाळ मंदिर, मोती मशीद आणि गुरुद्वारा, तिन्ही आहेत. त्यांच्याच जोडीला थिऑसॉफिकल लॉजही आहे, म्हणजे कुठल्याही एका पंथाचा आग्रह न धरता धर्मांचा अभ्यास करणाऱ्यांची जागा. प्रत्येकाला आपापली इमारत, आपापलं दार, आणि अंगण सगळ्यांचं. आपल्या मराठी घरांपुरतं बोलायचं तर महादजी शिंद्यांची बीडच्या मन्सूरशहांवरची श्रद्धा लहानपणापासून ऐकतो आपण. गुरू मुसलमान सूफी आणि शिष्य मराठा सरदार. यातून कुणाचा धर्म बदलला नाही.

पण इथे थांबून सांगायला हवं, कारण या गोष्टींवर विसंबून मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. सलोख्याच्या कामाला सुरुवात करून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही एक मोठा सद्भावना कार्यक्रम घेतला. स्टेजवर चार धर्मांचे चार जण, हार, समई, तानसेनचा उल्लेख, मन्सूरशहांचा उल्लेख, फोटो. मला फार समाधान वाटलं होतं. पुढच्याच महिन्यात मोहल्ल्यात एका मुलाच्या सायकलच्या धक्क्यावरून भांडण पेटलं, रात्री अकराला दोन्ही बाजूंनी पोरं जमली. मी स्टेजवरच्या एकेकाला फोन लावत गेले. एक बाहेरगावी होते, एकांनी फोन उचलला नाही, दोघे म्हणाले, आम्ही त्या गल्लीत कुणाला ओळखत नाही. आणि ते खरंच होतं. त्यांच्यातलं कुणीच त्या गल्लीत राहत नव्हतं. भांडण सोडवलं ते एका शिलाई मशीनवाल्या चाचांनी आणि पिठाच्या गिरणीवाल्या आमच्या भाऊजींनी, कारण दोन्हीकडच्या पोरांचे कपडे एकानं शिवले होते आणि दळण दुसऱ्यानं दळलं होतं. या दोघांना मी कार्यक्रमाचं आमंत्रणसुद्धा दिलं नव्हतं. ती रात्र मला अजून टोचते. तेव्हापासून समिती करताना माझा पहिला प्रश्न असतो की रात्री अकराला चपला घालून कोण बाहेर येईल. त्याचं नाव आधी लिहायचं. मोठं नाव मागून.

दंगली कुठे होतात आणि कुठे टळतात यावर राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी सहा शहरांचा जोडीजोडीनं अभ्यास केला होता. अलिगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. निष्कर्ष आमच्या अनुभवाशी जुळतो. नुसतं येणंजाणं, सणाला शेवया आणि फराळ देणंघेणं चांगलंच, पण शहर तापलं की ते अपुरं पडतं. तगून राहतात ती जिथे दोन्ही बाजूंची माणसं एकत्र सभासद आहेत अशी ठिकाणं. युनियन, व्यापारी मंडळ, डॉक्टरांची संघटना, खेळाचा क्लब. कारण तिथे एकमेकांवाचून काम अडतं. आपल्या बिर्लानगरच्या जे.सी. कापड मिलमध्ये पाळी एक, खातं एक, युनियन एक. तिथल्या जुन्या माणसांशी बोललात तर ते आधी खात्याचं नाव सांगतात, जात-धर्म नंतर. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली तेव्हा पगाराबरोबर हे एकत्र असणंही गेलं, आणि त्याची जागा दुसऱ्या कशानं भरून निघाली नाही. ही वार्ष्णेयांच्या अभ्यासातली गोष्ट नव्हे, माझं निरीक्षण आहे, पण पक्कं आहे.

भिवंडीचं उदाहरणही याच जातीचं. १९७० आणि १९८४ साली दोनदा होरपळलेलं गाव. १९८८ मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, त्यात पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं घेतली आणि ठाण्यातल्या पोलिसांनाच त्यांच्याशी नियमित बसायला लावलं. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी या पोलीस अधिकाऱ्यांसारख्या माणसांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. या कमिट्यांत लोक गटार, पाणी, रेशन यांवर बोलायला जमायचे. शांतता त्यातून मागाहून यायची.

म्हणून माझा सल्ला. ‘सद्भाव’ हा विषय बाजूला ठेवा आणि एक काम घ्या. काम असं हवं की जे कुठल्याही एका गटाला एकट्यानं करता येणार नाही.

आमच्याकडे ते काम कसं सापडलं ते सविस्तर सांगते. २०२३ साली अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती आणि ईद-ए-मिलादही त्याच दिवशी. मुंबईत मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी नेला, ते तुम्ही वाचलं असेल. आमच्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीचा एक जुना सल होता. मिरवणूक दर वर्षी मशिदीजवळच्या वळणावर पंधरा-वीस मिनिटं थांबायची आणि नेमके तिथेच ढोल जोरात वाजायचे. मशिदीतल्यांचं पक्कं मत की हे मुद्दाम करतात. मंडळाची पोरं म्हणायची, आम्ही मुद्दाम करत नाही, पण थांबलो तर वाजवणारच ना. अशी सहा-सात वर्षं. दर वर्षी ठाण्यात शांतता समितीची बैठक, दर वर्षी तेच समज देणं, आणि दर वर्षी तिथेच थांबणं.

त्या वर्षी आम्ही चाचांच्या शिलाईच्या दुकानात बसलो. फरशीवर खडूनं मिरवणुकीचा रस्ता काढला. तुमच्याकडच्यासारखाच एक विज्ञानवाला मुलगा आमच्यात होता, आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. देव मानत नाही, आरतीला उभा राहत नाही, त्यामुळे मंडळात त्याला फारसं कुणी विचारायचं नाही. तो इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पण तुम्ही तिथे थांबता कशासाठी?’ उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वळणावर विजेच्या तारा खाली आल्यात, दोन पोरं बांबूनं तारा उचलतात, ट्रॉली तिरकी करून काढावी लागते, वेळ जातो. हे मंडळाला इतकं सवयीचं की सांगावंसंच वाटलं नव्हतं, आणि मशिदीत बसलेल्यांना आतून तारा दिसत नव्हत्या, फक्त ढोल ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा लांब बांबू आणि मोजायची टेप घेऊन आला. बरोबर मंडळाचा एक आणि मशीद कमिटीचा एक. तार जमिनीपासून सव्वाचौदा फुटांवर. ट्रॉलीसकट मखराची कमान पंधरा फूट दोन इंच. कमान एक फुटानं उतरवली, तारा थोड्या ताणून घ्यायला वीज कंपनीकडे तिघांच्या सह्यांचा अर्ज दिला, आणि त्या वर्षी मिरवणूक वळणावर थांबलीच नाही. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान त्या दिवसांत सहा वाजून काही मिनिटांनी होते, तोवर ट्रॉली दोन चौक पुढे गेलेली असावी असं वेळापत्रक केलं. ते सांभाळायला घड्याळ त्याच मुलाच्या हातात दिलं, कारण त्याला ना आरतीची घाई ना अजानची. दोन्ही बाजूंनी त्याचं नाव एकमतानं सुचवलं. त्याचे वडील त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते.

वर्षानुवर्षांचा राग एका तारेच्या उंचीवर अडकलेला होता. सगळेच राग असे नसतात, हे मला माहीत आहे. पण बरेच असतात, आणि ते शोधायला देव मानणाऱ्याची आणि न मानणाऱ्याची, दोघांचीही नजर लागते.

या निमित्तानं एक कामाची गोष्ट. पंचांग आणि हिजरी, म्हणजे मुसलमानी, तारखा शेजारी ठेवायची सवय लावून घ्या. कालनिर्णयात दोन्ही असतात, वेगळं काही आणायला नको. दोन्ही महिने चंद्रावर चालतात, फक्त हिजरीत अधिक महिना नसतो. म्हणून रबी-उल-अव्वल, म्हणजे मिलादचा महिना, एकदा भाद्रपदावर आला की पुढचा अधिक महिना पडेपर्यंत तो तिथेच राहतो. म्हणूनच २०२३, २०२४, २०२५ अशी तीन वर्षं मिलाद आणि अनंत चतुर्दशी लागोपाठ किंवा एकाच दिवशी आल्या. २०२४ आणि २०२५ मध्ये आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख चक्क एका दिवशी पडल्या. २०२३ ची आषाढी आणि बकरी ईद एका दिवशी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे हे अंतर पुन्हा महिन्याचं होतं. हे कळलं की ‘या वर्षीच मुद्दाम सण एकत्र आणलेत’ असल्या बोलण्यातली हवा निघून जाते, आणि तयारीला सहा महिने आधी सुरुवात करता येते. हे गणित मोहल्ल्याला समजावून सांगायला विज्ञानवाल्या मुलांइतकं योग्य कोण? एक संध्याकाळ त्यांना चंद्रावर बोलायला बोलवा. मौलवी साहेब आणि गुरुजी दोघेही पुढच्या रांगेत बसतील, मी पाहिलंय.

लाउडस्पीकरचा वाद येईलच. तो श्रद्धेवर नेऊ नका, नियमावर ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. अजानला, आरतीला, जागरणाला, लग्नाच्या डीजेला सगळ्यांना तोच आकडा. मोजणी समितीनं करायची आणि आपल्या मंडळापासून सुरुवात करायची. स्वतःचा आवाज आधी कमी केल्याशिवाय दुसऱ्याच्या भोंग्याबद्दल बोलायचं नाही, एवढी शिस्त ठेवलीत तर निम्मं काम होतं.

बायकांशिवाय हे चालणार नाही, आणि ‘महिला आघाडी’ काढूनही चालणार नाही. सुरुवातीला मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या मुस्लिम बायकांना बोलवायला लागले. त्या येत, पण कपाळाशी हात गेला की अंग चोरून घेत, आणि मला वाटे की हा संकोच हळूहळू जाईल. एका वर्षी त्यांच्यातली एक वयस्क खाला मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘बेटी, मला तू बोलावतेस, मग तुझी ती वरच्या मजल्यावरची काकी का दिसत नाही?’ वरच्या मजल्यावरच्या काकू विधवा होत्या. मी त्यांना कधी बोलावलंच नव्हतं. मला उत्तर देता येईना. पुढच्या वर्षीपासून हळदीकुंकू बंद केलं, तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला. तीळगूळ आणि एक वाण, आणि दार सगळ्यांना उघडं. काकू पहिल्या आल्या. आमच्या नात्यातल्या दोघी आल्या नाहीत, अजूनही येत नाहीत. दुसऱ्याला आत घ्यायला गेलं की आपण आपल्यातलंच कुणाला बाहेर ठेवलंय ते दिसतं. हे दिसल्यावर तोंड फिरवू नका.

हेच जातीबद्दल. चार धर्मांचे चार प्रतिनिधी बसवले की समिती सर्वसमावेशक झाली असं आपण मानतो. अ‍ॅट्रॉसिटी कायदा सौम्य करणाऱ्या निकालाविरुद्ध दलित संघटनांनी पुकारलेला २ एप्रिल २०१८ चा भारत बंद आठवा. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना इथे गोळ्या चालल्या, माणसं गेली, कर्फ्यू लागला. तो हिंदू-मुसलमान वाद नव्हता. तुमच्या यादीत मंदिर, मशीद, गुरुद्वारा, जैन युवक आणि विज्ञानगट आहे. जाटव आणि वाल्मीकी वस्तीतलं कुणी आहे का? बौद्ध कुणी? आंबेडकरी मुलं तुमच्या विज्ञानवाल्यांच्या जवळची असतात बऱ्याचदा, आणि दोघंही प्रार्थनेच्या मुद्द्यावर उठून जातात. ते गेल्यावर मागे उरते ती समिती नसते, जुनीच पंगत असते.

चौथ्या-पाचव्या बैठकीत कुणी तरी इतिहास काढेल. ग्वाल्हेरला तो किल्ल्यावर कोरलेलाच आहे. तिथल्या उरवाई घाटीच्या दगडातल्या जैन मूर्ती बाबराच्या हुकमानं फोडल्या गेल्या, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. जैन युवकांमधला कुणी हे बोलला तर त्याला गप्प करू नका. ‘ते जुनं झालं, सोडा’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. घडलं ते घडलं असं मोकळेपणानं म्हणा. आणि त्याच किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, जिथे गुरू हरगोविंदांनी कैदेतून सुटताना एकट्यानं बाहेर पडायला नकार दिला आणि ५२ राजांना बरोबर घेऊन आले, ही गोष्ट सेवादारांना सांगू द्या. मग सगळ्यांना मिळून किल्ल्यावर न्या. आम्ही नेलं होतं. उरवाईच्या चढावर मशीद कमिटीतला एक तरुण मूर्तीकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, हे करायला नको होतं. त्याला ते कुणी बोलायला लावलं नव्हतं. लावलं असतं तर तो बोलला नसता. म्हणूनच सांगते, कुणाकडूनही माफीची मागणी करायची नाही. आज गल्लीत राहणारा माणूस पाचशे वर्षांपूर्वीच्या हुकमाचा जबाबदार नाही.

अफवांसाठी प्रत्येक गल्लीतून दोन जण ठरवा, वेगवेगळ्या घरांतले. मोबाइलवर काही आलं की पुढे ढकलायचं नाही, फोन करायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या. कुणी डोळ्यांनी पाहिलं? कुठे? किती वाजता? तिन्हींची उत्तरं नसतील तर तिथे चालत जाऊन बघायचं. याच दोघांकडे बीटच्या पोलिसाचा नंबर हवा, नसेल तर ११२ आहेच.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. शांततेच्या नावाखाली कुणाला तक्रार मागे घ्यायला लावू नका. मोहल्ल्यातल्या कुणाला मारहाण झाली, कुणाचं दुकान फोडलं, कुणाच्या मुलीला त्रास दिला, तर समितीनं त्या माणसाबरोबर ठाण्यात जायचं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो, कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला नोंद घ्यावी लागते. ‘आपसात मिटवा’ हे वाक्य नेहमी कमजोर बाजूलाच ऐकवलं जातं. ज्याला न्याय मिळाला नाही तो शांत दिसतो, तेवढंच. आमच्या समितीत यावरून दोनदा फूट पडली, चांगली माणसं सोडून गेली, तरी या बाबतीत मी मागे हटले नाही आणि तुम्हीही हटू नका असं हात जोडून सांगते.

काही जण बसायलाच तयार नसतील. त्यांच्यामागे लागू नका, त्यांच्या घरच्यांशी बोलणं तोडू नका. बाकी वेळ जाऊ द्या.

बैठक पुन्हा बसवायची तर विज्ञानगटाच्या मुलांकडे तुम्ही स्वतः जा. फोन नको, निरोप नको. मशिदीतल्या दोघांकडे मंडळाच्या ज्येष्ठांपैकी ज्यांना अपमान वाटला त्यांनाच घेऊन जा, आणि बोलणं त्यांनाच करू द्या. जागा देवळाची, मशिदीची किंवा गुरुद्वाराची नको. दुकान, शाळेची ओसरी, कुणाची गच्ची चालेल. खायला चहा आणि केळी. एकादशी असो, चातुर्मास असो, सहसा कुणाची अडचण होत नाही. रमजानात रोजा सुटल्यावर बसा.

सुरुवात आम्ही जशी करतो तशी करून बघा. एक जण वही उघडतो आणि गेल्या महिन्यात मोहल्ल्यात काय झालं ते वाचतो. कुणाच्या घरी माणूस गेलं, कुणाला नात झाली, कुणाचा मुलगा बारावी झाला, कोण दवाखान्यात आहे. गेलेल्यांची नावं वाचताना सगळे आपसूक गप्प होतात. त्या वेळी कुणी मनात रामाचं नाव घेत असेल, कुणी फातिहा पढत असेल, कुणी काहीच म्हणत नसेल. आम्ही कधी विचारलं नाही. मग वही बंद होते आणि गटाराचा विषय निघतो.

वही कोण वाचणार हे दर महिन्याला बदलतं. पहिल्या महिन्यात ती त्या उठून गेलेल्या मुलांपैकी एकाच्या हातात द्या. आणि नावं गोळा करायला त्याच्याबरोबर मंडळाच्या एखाद्या आजोबांना पाठवा, घरोघरी, संध्याकाळी सहा ते आठ.